घरच्या घरी भजन-गाणी रेकॉर्ड करायची आहेत? सॉफ्टवेअर, त्याचे पैसे आणि रोजचा वापर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गावोगावी भजनी मंडळे आहेत, शाळांची समूहगीते आहेत, गणपतीत आरत्या आहेत. आता आपले रेकॉर्डिंग आपणच घरी करावे असे अनेकांना वाटते आणि ते जमण्यासारखे आहे. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. इंटरनेटवर पाहून कुणी दरमहा पैसे कापणारे सॉफ्टवेअर घेतो, सणाच्या तोंडावर कार्ड चालत नाही, सॉफ्टवेअर कुलूपबंद होते आणि मंडळाचे अभंग आतच अडकतात. म्हणून या लेखात माइकइतकाच वेळ पैशांच्या व्यवहारावर घालवला आहे.

माझे मत आधीच सांगतो. नवख्या माणसाने पहिले वर्ष दरमहाच्या भानगडीत पडू नये. फुकट किंवा एकदाच पैसे भरून मिळणारे सॉफ्टवेअर घरगुती कामाला पुरून उरते.

आधी हे जमवून ठेवा

- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. रॅम ८ जीबी असली तर काम आरामात होते. एसएसडी असल्यास उत्तम.
- ऑडिओ इंटरफेस, दोन माइकच्या जागा असलेला. माइकची वायर यात लागते आणि यूएसबीने हा लॅपटॉपला जोडतात.
- एक किंवा दोन माइक, एक्सएलआर वायरी (माइकच्या तीन पिनी वायरी), स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा फटका अडवणारी जाळी).
- वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. ब्लूटूथ नको. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा लयीतून सुटतो.
- बाहेरची हार्ड डिस्क, किमान ५०० जीबी.
- पैसे भरायला: आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेले डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत, आणि कायम वापरात असलेला ईमेल. लायसन्सची फाइल त्या ईमेलवर येते. दुकानदाराचा किंवा भाच्याचा ईमेल देऊ नका.
- विद्यार्थी सवलत घ्यायची असेल तर चालू वर्षाचे कॉलेजचे ओळखपत्र.

इंटरफेस आणि माइक बेळगावच्या पेठेतून घ्या, कोल्हापूर-हुबळीहून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पण जीएसटीचे पक्के बिल घ्याच. वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात. इंटरफेसच्या खोक्यातला कागदही जपा. अनेक इंटरफेससोबत एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेस एलई यांसारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्याचा कोड त्या कागदावर असतो, नाही तर कंपनीच्या साइटवर वस्तूचा सिरियल नंबर नोंदवल्यावर मिळतो. बरेच जण तो कागद खोक्याबरोबर रद्दीत टाकतात आणि पुढे त्याच कामासाठी पैसे मोजतात.

१. आपले काम कोणते ते ठरवा

मोबाइलवर एक गायक आणि पेटी रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर इंटरफेससुद्धा नको. आयफोन असेल तर गॅरेजबँड मोफत आहे, अँड्रॉइडवर बँडलॅब चालते.

पेटी, पखवाज, मुख्य गायक आणि कोरस वेगवेगळ्या ट्रॅकवर (प्रत्येक आवाज स्वतंत्र थरावर) घेऊन नंतर त्यांचे प्रमाण जुळवायचे असेल तर कॉम्प्युटरवरचे अनेक ट्रॅकचे सॉफ्टवेअर लागते. पुढचा लेख या कामासाठी आहे.

२. फुकट, एकदाच विकत, की दरमहा?

*फुकट.* ऑडॅसिटी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. कीर्तन किंवा व्याख्यान एका दमात रेकॉर्ड करून कापणे-जोडणे एवढेच असेल तर हेच घ्या. कंपनीने दिलेल्या तयार आवृत्तीत एएसआयओ ड्रायव्हरची (विंडोजवर आवाज कमी विलंबाने ने-आण करणारा दुवा) सोय नाही, त्यामुळे एकावर एक ट्रॅक चढवताना विलंब हाताने दुरुस्त करावा लागतो. ट्रॅक्शन कंपनीचे वेव्हफॉर्म फ्री मोफत आहे आणि ट्रॅकच्या संख्येला मर्यादा नाही. प्रो टूल्स इंट्रोही मोफत आहे, पण ऑडिओ ट्रॅक आठच. मॅकवाल्यांनी गॅरेजबँडपासून सुरुवात करावी.

*एकदाच विकत.* रीपर हे माझ्या मते आपल्या कामाला सगळ्यात सोयीचे. घरगुती वापराचे आणि छोट्या व्यवसायाचे लायसन्स ६० डॉलर, मोठ्या व्यवसायाचे २२५ डॉलर. ज्याचे वार्षिक उत्पन्न २०,००० डॉलरच्या आत आहे त्या व्यवसायाला ६० डॉलरचे चालते, म्हणजे गावातला छोटा स्टुडिओही त्यात बसतो. दोन्ही लायसन्समध्ये सॉफ्टवेअर तेच असते, एकही सोय कमी नाही. आधी ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते. सातव्या आवृत्तीचे लायसन्स घेतले की ८.९९ पर्यंतचे सगळे अपडेट त्यातच येतात. मॅक असेल तर लॉजिक प्रो हाही एकदाच पैसे भरून घेता येणारा पर्याय आहे. एफएल स्टुडिओ एकदा घेतले की पुढचे अपडेट आयुष्यभर मोफत, पण त्याच्या एडिशन वेगवेगळ्या आहेत. सगळ्यात स्वस्त एडिशन कार्टमध्ये टाकण्याआधी तिच्यात माइकवरून ऑडिओ रेकॉर्ड होतो का, एवढे तुलनेच्या तक्त्यात नक्की पाहा. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये जतन केलेले काम लायसन्स घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, हेही ध्यानात ठेवा.

*दरमहा किंवा दरवर्षी.* प्रो टूल्स आर्टिस्ट हे नेहमीचे उदाहरण. महिन्याला ९.९९ डॉलर, वर्षाचे एकदम भरले तर ९९ डॉलर. महिन्याने वर्षभर भरत गेलात तर ११९.८८ डॉलर जातात. तीन वर्षांचे वार्षिक पैसे २९७ डॉलर होतात. त्याच तीन वर्षांत रीपरवाल्याचे ६० डॉलर जातात आणि नंतरही सॉफ्टवेअर त्याचेच राहते.

मग सबस्क्रिप्शन घ्यावेच कुणी? ज्याला मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतून प्रो टूल्सच्या सेशन (प्रोजेक्टच्या फाइल) येतात आणि तशाच परत पाठवायच्या असतात, त्याला ते लागते. ज्याचे काम वर्षातून एकदाच असते त्यालाही एक महिन्याचे परवडते. मंडळाचे रेकॉर्डिंग आषाढीच्या आधी किंवा गणपतीच्या आधी होते, इतर दहा महिने सॉफ्टवेअर उघडलेही जात नाही. अशाने खरोखर महिन्याची योजना घ्यावी, काम उरकावे आणि त्याच महिन्यात बंद करावी.

इथे शब्दांकडे नीट पाहा. 'महिन्याची योजना' आणि 'वार्षिक करार, हप्ता महिन्याला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पैसे भरायच्या पानावर त्या शेजारीशेजारी असतात. दुसरीचा आकडा कमी दिसतो म्हणून हात तिकडे जातो. अडोबीच्या ऑडिशनसारख्या सॉफ्टवेअरला असा वार्षिक करार पहिल्या १४ दिवसांनंतर मोडला तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते.

कंपन्या धोरणही बदलतात. प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची आवाजाची साधने) बनवणाऱ्या वेव्हज कंपनीने मार्च २०२३ मध्ये एकदाच विकत घ्यायची सोय बंद करून सगळे सबस्क्रिप्शनवर नेले. ग्राहक इतके खवळले की काही दिवसांतच जुनी सोय परत आणावी लागली. मंडळाचे वीस वर्षांचे काम एखाद्या कंपनीच्या मासिक योजनेवर उभे करताना ही गोष्ट आठवा.

एक पर्याय मी मुद्दाम घेतलेला नाही. 'सगळे भरून देतो' म्हणून लॅपटॉपमध्ये घालून मिळणारी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची आवृत्ती. तिच्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, अपडेट घेता येत नाही, आणि त्याच लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता. रीपर ६० दिवस राजरोस वापरता येत असताना ही जोखीम कशासाठी?

३. डॉलरचा आकडा रुपयांत कसा वाढतो

साइटवर १०० डॉलर दिसले आणि दर ९० रुपये धरला तर ९,००० रुपये, असा हिशेब करून लोक बसतात. प्रत्यक्षात असे होते:

मूळ रक्कम ९,०००. परदेशी कंपनीने भारतीय ग्राहकाला जीएसटी लावला तर १८ टक्क्यांचे १,६२०, झाले १०,६२०. त्यावर बँकेचे परकीय चलनाचे मार्कअप (बँक वर लावते तो आकार). ते ३.५ टक्के धरले तर सुमारे ३७२. त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ६७. एकूण ११,०५९ रुपये. म्हणजे दोन हजारांहून जास्त फरक.

म्हणून डॉलरच्या आकड्यावर सरसकट २३ टक्के वाढवून खर्च मांडा. मंडळाच्या वर्गणीतून घेणार असाल तर बैठकीत हाच वाढवलेला आकडा सांगा. मार्कअप प्रत्येक कार्डाचे वेगळे असते, बँकेच्या शुल्कपत्रकात ते लिहिलेले असते. घरात दोन कार्डे असतील तर कमी मार्कअपचे वापरा.

किंमत रुपयांत दिसली तरी कंपनी परदेशी असेल तर व्यवहार परदेशी धरला जाऊ शकतो. ॲपल आणि गूगलच्या ॲप स्टोअरमधून घेतल्यास रुपयांत आणि यूपीआयने भरता येते, ही त्यातल्या त्यात सोपी वाट.

४. पैसे भरताना काय अडते

*कार्ड नाकारले जाते.* रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन' सुरू करा, मर्यादा लागेल तेवढीच ठेवा, आणि काम झाले की पुन्हा बंद करा. रुपे कार्ड आणि यूपीआय बऱ्याच परदेशी साइटवर चालत नाहीत. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हाताशी ठेवा.

*ओटीपी येत नाही.* कणकुंबी, जांबोटीकडच्या डोंगरात पावसाळ्यात रेंज ये-जा करते. वायफायवर पान उघडते, पण ओटीपी एसएमएसने येतो आणि तो पोचेपर्यंत वेळ संपते. तीन-चारदा चुकले की कार्ड काही काळ अडवले जाते. अशा वेळी खानापूरला किंवा बेळगावला आल्यावरच पैसे भरा. सॉफ्टवेअर आधी उतरवून ठेवा. रीपरची फाइल छोटी असते. लायसन्स नंतर घातले तरी चालते.

*पुढच्या महिन्याची कपात होत नाही.* हे सगळ्यात फसवे. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीला ई-मँडेट (बँकेत नोंदवलेली तुमची आगाऊ परवानगी) लागतो: पहिल्या वेळी ओटीपी, नंतर प्रत्येक कपातीआधी किमान २४ तास सूचना, आणि नेहमीच्या सबस्क्रिप्शनला १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी पुन्हा ओटीपी. जी परदेशी कंपनी किंवा जे कार्ड या व्यवस्थेत बसत नाही, तिथे पहिला महिना सुरळीत जातो आणि दुसऱ्या महिन्याची कपात नाकारली जाते. ईमेल कुणी पाहत नाही, आणि गणपतीच्या चार दिवस आधी सॉफ्टवेअर उघडत नाही. वर्षभर लागणारच असेल तर वार्षिक रक्कम ओटीपी देऊन स्वतः भरा आणि आपोआप नूतनीकरण बंद करा.

*मोफत ट्रायलला कार्ड मागतात.* दिले तर त्याच क्षणी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ट्रायल संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण लावा.

*इंटरनेट गेले की सॉफ्टवेअर बंद.* काही सॉफ्टवेअर लायसन्स तपासायला इंटरनेट मागतात. प्रो टूल्सचे लायसन्स आयलॉकवर (लायसन्स सांभाळणारी सेवा) असते. ते 'क्लाउड'वर ठेवले तर इंटरनेट सतत लागते. देवळात किंवा मळ्यातल्या घरात रेकॉर्डिंग करायचे असेल तर निघण्याआधी लायसन्स कॉम्प्युटरवर किंवा आयलॉकच्या यूएसबी किल्लीवर हलवा.

५. रीपर बसवणे आणि पहिला ट्रॅक

आधी इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरून त्याचा एएसआयओ ड्रायव्हर बसवा, मगच रीपर. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल हा मोफत ड्रायव्हर चालतो. मॅकला सहसा असा ड्रायव्हर लागत नाही.

रीपर उघडून कंट्रोल+पी दाबा, ऑडिओखाली डिव्हाइस निवडा. ऑडिओ सिस्टिम एएसआयओ, ड्रायव्हर तुमच्या इंटरफेसचा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे नमुने) ४८,०००, ब्लॉक साइज (एका वेळी हाताळायचे नमुने) २५६. या ब्लॉक साइजला विलंब एका बाजूने सुमारे ५.३ मिलिसेकंद पडतो, गाणाऱ्याला तो जाणवत नाही. आवाजात तडतड आली तर ५१२ करा. मिक्स करताना १०२४ ठेवा, तेव्हा विलंबाने काही बिघडत नाही आणि लॅपटॉपला श्वास मिळतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही ४८,००० च ठेवा. दोन्हीकडे वेगळा आकडा असला की कधी आवाज येत नाही, कधी सूर सरकतो.

आता रिकामा प्रोजेक्ट रेकॉर्डिंग करण्याआधी जतन करा. आधी जतन केला नाही तर ऑडिओ फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जातात आणि पुढे सापडत नाहीत. प्रत्येक गाण्याला स्वतंत्र फोल्डर करा: तारीख, गाव, अभंगाचे पहिले दोन शब्द.

कंट्रोल+टी ने नवा ट्रॅक. त्याचे लाल बटण दाबा, इनपुट १ किंवा २ निवडा, कंट्रोल+आर ने रेकॉर्डिंग सुरू, स्पेसबारने थांबते. नुसते आर दाबले तर रेकॉर्डिंग होत नाही, पुनरावृत्ती चालू होते. पहिल्या दिवशी हमखास होणारी गडबड ही. कापायला एस, मागे जायला कंट्रोल+झेड. सुरुवातीच्या कामाला एवढ्या कळा पुरतात.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येत असेल तर इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटर आणि रीपरचे मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. रीपरचे बंद करा.

६. खोली, वीज आणि माइक

सोप्यात रस्त्याचा आवाज येतो, माजघर बरे. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज घुमतो. खाली सतरंजी, गायकाच्या मागच्या भिंतीवर दोरीला दोन वाकळी टांगा. वाकळ भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटे अंतर ठेवून टांगली तर जास्त काम करते. कोपऱ्यात भाताची पोती रचलेली असतील तर असू द्या, खर्जाचे घुमणे कमी होते.

बेळगावच्या वडगाव-खासबागेत यंत्रमागाची खडखड भिंतीतून येते, ती नंतर काढता येत नाही. माग बंद असतात त्या वेळीच बसा. पत्र्याच्या घरात जून ते सप्टेंबर पावसाचा भरवसा नाही, म्हणून गणपतीचे रेकॉर्डिंग मे महिन्यात उरकणे शहाणपणाचे. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज परत चालू करायचे विसरू नये म्हणून कुणी तरी आपली गाडीची किल्ली त्यात ठेवावी.

हेडफोनमध्ये सारखी गुणगुण येत असेल तर ती ५० हर्ट्झच्या विजेची आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थिंग नीट नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा सगळी यंत्रे एकाच तीन पिनी बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन तोडून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तरी करू नका, त्यात जीवाला धोका आहे. लाईट जाण्याचा प्रश्न लॅपटॉपला बॅटरीमुळे कमी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. रीपरच्या सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय लावून घ्या.

माइक दोन जातींचे. कंडेन्सर बारीकसारीक सगळे पकडतो आणि त्याला इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटण लागते. ते चालू असताना वायर काढू-घालू नका. डायनॅमिक माइक जवळचेच उचलतो. शांत खोली नसेल तर डायनॅमिकच घ्या. दोन यूएसबी माइक घेऊन काम भागेल असे वाटते, पण प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते. लांब गाण्यात दोन्ही ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

गायक: माइकपासून वीतभर, मध्ये पॉप फिल्टर. पेटी: स्वरपट्ट्यांच्या बाजूने, हातभर वर, भात्याकडे तोंड नको, नाही तर हवेचा फुसफुसाट येतो. पखवाज: एकच माइक असेल तर समोर दोन फुटांवर, मधोमध. मग शाई आणि धूम यांचे प्रमाण ऐकून माइक इकडे-तिकडे सरकवा.

टाळांबद्दल सावकाश वाचा, कारण घरच्या भजन-रेकॉर्डिंगची माती बहुतेक वेळा टाळच करतात. टाळांचा आवाज तीव्र आणि उंच कंपनांचा असतो. एकाच खोलीत सगळे बसले की तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो, पेटीच्या माइकमध्ये शिरतो. मग मिक्स करताना गायकाचा आवाज वाढवला की टाळही वाढतात आणि शब्द कधीच वर येत नाहीत. उपाय असा: आधी गायक, पेटी आणि पखवाज घ्या. टाळकरी त्या वेळी हाताने नुसती लय धरतील. नंतर तेच रेकॉर्डिंग हेडफोनमध्ये ऐकत टाळ वेगळ्या ट्रॅकवर घ्या, माइक सहा-सात फूट लांब आणि टाळांच्या पातळीपेक्षा थोडा वर. चार टाळकरी असले तरी घरच्या रेकॉर्डिंगला दोन पुरतात. सगळ्यांना एकत्रच म्हणायचे असेल तर टाळकऱ्यांना पुढच्या खोलीत बसवून दार अर्धे उघडे ठेवा.

७. पट्टी, ताल आणि आवाजाची पातळी

पेटी काळी दोनची म्हटली तरी ती ए ४४० ला असेलच असे नाही. मोबाइलमधल्या ट्यूनर ॲपने तपासा. ४४५ निघाली तर ती सुमारे २० सेंट चढी आहे (१०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतले अंतर). अशा वेळी तानपुऱ्याचे ॲप आणि सॉफ्टवेअरमधली वाद्ये पेटीला जुळवा.

क्लिक (लयीची टिकटिक) लावायची असेल तर तालाच्या मात्रा तितका आकडा वर, खाली चार: दादरा ६/४, रूपक ७/४, भजनी आणि केहरवा ८/४, झपताल १०/४. मग बीपीएम म्हणजे मिनिटाला मात्रा. वारकरी भजनाला मात्र क्लिक लावू नका. अभंग शेवटाकडे चढत जातो, तो त्याचा स्वभावच आहे. क्लिकला बांधला की निर्जीव होतो.

पातळी ठरवताना गायकाला अभंगातली सर्वांत उंच, सर्वांत जोरातली ओळ म्हणायला सांगा. त्या वेळी मीटर उणे १२ ते उणे ८ डीबीच्या दरम्यान राहिले पाहिजे. तपासणीत लोक दबकून गातात आणि खऱ्या टेकला मोकळे होतात, म्हणून ही जागा सोडायची. २४ बिटवर कमी पातळीचे रेकॉर्डिंग नंतर वाढवता येते, शून्याला जाऊन फाटलेला आवाज सुधारता येत नाही. प्रत्येक टेकआधी सगळ्यांनी गप्प राहून दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. नंतर गुणगुण कमी करायला आणि कापलेल्या जागा भरायला ती लागते.

जागेचा हिशेब: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक ट्रॅक म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. चार ट्रॅकचा एक तास सुमारे २ जीबी.

८. मिक्स करून बाहेर काढणे

रीपरसोबत येणारे प्लगइन पुरतात. गायकाच्या ट्रॅकवर री-ईक्यू (खर्ज-तीव्र यांचे प्रमाण बदलणारे) लावून पहिला बँड हाय पास (खालचे स्वर गाळणारा) करा आणि ८० हर्ट्झला ठेवा. जमिनीची धडधड जाते. री-कॉम्प (जोराचा आवाज दाबणारे) हलका, मीटर तीन-चार डीबीच खाली यावे इतका. घुमारा थोडा. देऊळ वाटावे म्हणून तो वाढवत नेला तर शब्द विरघळतात, आणि अभंगात शब्द आधी.

कंट्रोल+ऑल्ट+आर ने रेंडरची, म्हणजे तयार फाइल बाहेर काढण्याची, खिडकी उघडते. त्यातच नॉर्मलाइझची (आवाज ठरावीक पातळीला आणण्याची) सोय आहे: यूट्यूबसाठी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप), ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) उणे १. यूट्यूब जास्त मोठा आवाज खाली आणते, लहान आवाज वर उचलत नाही. मूळ प्रत वेव्ह २४ बिट, व्हॉट्सॲप आणि पेन ड्राइव्हसाठी ३२० केबीपीएसची एमपी थ्री.

९. सॉफ्टवेअर बंद पडले तरी गाणे राहिले पाहिजे

कोणतेही सॉफ्टवेअर असो, गाणे पूर्ण झाले त्याच दिवशी हे करा. रेंडरच्या खिडकीत सोर्स 'स्टेम्स' निवडा, सगळे ट्रॅक निवडा, मर्यादा 'संपूर्ण प्रोजेक्ट', प्रकार वेव्ह २४ बिट. प्रत्येक ट्रॅकची शून्यापासून सुरू होणारी स्वतंत्र फाइल तयार होते. पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये या फाइल एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात. प्रोजेक्टची फाइल त्या-त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, वेव्ह सगळीकडे उघडते. सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: पट्टी, ताल, गायक-वादकांची नावे, तारीख.

रीपरचा प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर नेताना 'सेव्ह ॲज' करून सगळी मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण करा. नुसती प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर नेली तर आत आवाज नसतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि शक्य झाल्यास एक मंडळातल्या दुसऱ्या घरी.

१०. सबस्क्रिप्शन बंद करताना

आधी वरच्याप्रमाणे स्टेम्स काढून घ्या आणि त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ऐका. मग कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा. कॉम्प्युटरमधून सॉफ्टवेअर काढून टाकले म्हणजे कपात थांबत नाही. मोबाइलच्या ॲप स्टोअरमधून घेतले असेल तर ते त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीतूनच बंद होते, ॲप पुसून उपयोग नाही. बंद केल्याचा ईमेल आला का पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटची यादी असते, तिथूनही तो रद्द करा. शेवटी कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा आणि पुढच्या महिन्याच्या कपातीच्या तारखेला बँकेचे खाते एकदा उघडून बघा.